अंगण वाकडंच होतं

पोस्टकार्ड वाचून झालं आणि मी ते उशीखाली सरकवलं. आता पोस्टकार्ड ही काय उशीखाली ठेवायची वस्तू आहे? पोस्टमननं वाचलेलं, खाली घरमालकांनी चष्मा लावून वाचलेलं, माझ्या बायकोनं, अनुपमानं, जिना चढता चढता वाचून माझ्या हातात दिलेलं. तरी लपवलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मजकूर अगदी साधा होता. "पाठकसाहेब, स. न. वि. वि. रविवारी सकाळच्या गाडीने अमरावतीस येत आहे. एकदा ती गिटार हातात घेऊन पाहावी अशी इच्छा आहे. मुंबईचा एक माणूस नवी मिळवून देतो म्हणतो. परंतु आपण सांगितलेले विसरलो नाही. आपल्यासमोर वाजवून पाहीन. हात चालला तर नवी मागवीन, नाही तर हा नाद कायमचा सोडीन. आपण स्पष्ट सांगाल याची खात्री आहे. आपला, धर्मपाल तायडे, तार ऑफिस, अकोला." तार ऑफिसातला माणूस, एक शब्द वायफळ लिहिणार नाही. आम्हां तारवाल्यांना सवयच असते ती, मजकूर डोळ्यांसमोर आला की आधी कोणते शब्द गाळता येतील ते दिसतं. मी गाळून पाहिले. स. न. वि. वि. गेलं, मुंबईचा माणूस गेला, आपला गेलं. 'खात्री आहे' हे दोन शब्द काही केल्या गळेनात.

"कोण हो हे तायडे?" अनुपमानं विचारलं. "अकोल्याचा मित्र," मी म्हटलं. मित्र! जीभ कशी झडत नाही माणसाची? समोर भिंतीवर, बाबांच्या तंबोऱ्याच्या शेजारी, ती गिटार टांगलेली होती. लालसर, चपटी, जपानी. पोकळ नाही, भरीव लाकडाची. तिचा आवाज विजेच्या डब्यातून निघतो. अमरावतीत मला आता दोन वर्षांत 'गिटारवाले पाठक' म्हणतात. राजकमल चौकात पानवालासुद्धा म्हणतो, "काय पाठकसाहेब, रविवारी क्लबात तुमचा पोग्राम हाये ना?" आणि मी मान हलवतो, खाली बघून, विनयशील माणसासारखी. रविवार. बरोबर तोच रविवार. सकाळी तो येणार आणि संध्याकाळी सातला मी इंजिनियर लोकांच्या क्लबात वाजवणार. योगायोग वगैरे काही नाही. माझा जवळजवळ प्रत्येक रविवार असाच असतो, कुठं ना कुठं वाजवायला बोलावलेला. जेवताना भाजी तशीच ताटात राहिली. अनुपमा म्हणाली, भाजी बिघडली का? मी म्हटलं, भाजी चांगली आहे. मग जरा वेळानं उगाचच तिच्यावर ओरडलो, पाणी गरम का आहे म्हणून.

सहासष्ट साली मी अकोल्याच्या तार ऑफिसात होतो. टिळक रोडच्या मागं खोली, शनिवारी रात्री अमरावतीला घरी, सोमवारी पहाटे परत. धर्मपाल माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान. नाव त्यानं छप्पन्न साली, सोळाव्या वर्षी, नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर स्वतःच बदलून घेतलेलं. शाळेच्या दाखल्यावरचं बदलायला हेडमास्तरशी महिनाभर भांडला होता म्हणे. सडसडीत, कमी बोलणारा, शर्टाच्या बाह्या नेहमी मनगटापर्यंत लावलेल्या. आणि हात! मी माझ्या नोकरीत तार पाठवणारे पुष्कळ हात पाहिले. काहींचा हात अडखळतो, काहींचा घाईनं अक्षरं एकमेकांवर चढवतो. धर्मपालचा हात असा, की नागपूरची माणसं तिकडून विचारायची, आज तायडे आहे का ड्यूटीवर? कट्ट-कड, कट्ट-कड, एकसारखं, स्वच्छ. कापसाच्या हंगामात व्यापाऱ्यांच्या तारांचा ढीग पडायचा तेव्हा आम्ही सगळे घामाघूम, आणि हा बसलेला असायचा, एक बोट नि एक अंगठा हलवत, जसा काही कोणाला थोपटून निजवतोय. हे मी रोज बघत होतो, दीड हाताच्या अंतरावरून. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मला सबब उरणार नाही.

बडनेऱ्याच्या एका ख्रिस्ती गार्डकडून त्यानं ती गिटार घेतली. गार्डचा भाऊ बोटीवर होता, त्यानं जपानहून आणलेली. धर्मपालनं ती सायकलवर, चादरीत गुंडाळून, स्टेशनावरून ऑफिसच्या मागच्या खोलीत आणली. तिथं आमचं कॅरम असायचं. एका रेडिओवाल्यानं त्याला आवाज मोठा करायचा डबा बनवून दिला होता. त्या संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण होतो. त्यानं काही विशेष वाजवलं नाही हो. बायका जात्यावर म्हणतात तसली एक साधी चाल, त्याची आई म्हणत असेल. सावकाश, हलक्या हातानं, पहिल्या तीन-चार पडद्यांतच. आणि खोली गप्प झाली. कॅरम खेळणाऱ्यांचे हात सोंगटीवर तसेच राहिले. आमचे हेडक्लार्क, जे बाबांच्या गाण्यालाही सुपारी कातरत बसायचे, त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. बाबा, मोरोपंत पाठक, अमरावतीत चाळीस वर्षं गाणं शिकवून गेले. मी सात वर्षांचा असल्यापासून त्यांचे तंबोरे जुळवतो, जवारी काढतो, माझा कान चांगला आहे असं सगळं गाव म्हणतं. पण अशी गप्प झालेली खोली ना बाबांना कधी मिळाली, ना मला. मला काहीतरी खुपलं. त्या वेळी मी त्याला नाव दिलं नाही. टाळ्या सगळ्यांत आधी मीच वाजवल्या.

आठवड्यानं तो गिटार घेऊन माझ्या खोलीवर आला. "साहेब, एक पाहा बरं," म्हणाला. "खाली वाजवतो तवर ठीक हाये. वरच्या पडद्यावर गेलो का बोट पुरत नाही. तार दाबता दाबत नाही. गिटारमंदी काई दोष हाये का माह्या हातात? तुमी तंबोरे करता, तुमाले दिसन." मी ती हातात घेतली, डोळ्याजवळ धरली आणि सुतार फळी बघतो तशी दांडीवरून नजर टाकली. एका नजरेत दिसलं. तारा वर वर चढत गेलेल्या, वरच्या पडद्यांशी तर खालून पेन्सिल सरकावी इतक्या उंच. घोडी, तारा टेकतात ती, आधीच जितकी खाली बसेल तितकी बसवलेली. म्हणजे दोष घोडीत नव्हता, दांडीच्या बैठकीत होता. या गिटारींची दांडी सरसानं चिकटवलेली नसते, मागून चार स्क्रूंनी आवळलेली असते. ती बैठकीत किंचित पुढं झुकलेली होती. बाबा मला कानाला धरून शिकवायचे, आधी दांडी-भोपळ्याचा सांधा बघ, मग जवारीला हात लाव. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं: दांडी वाकडी बसलीय. तीन शब्दांची तार! आणि मी गिटार खाली ठेवली आणि म्हटलं, "वाद्य उत्तम आहे तायडे. उगीच त्याला नावं ठेवू नका. नाचता येईना अंगण वाकडं, असं नको."

तो हसला. खरंच हसला, स्वतःवरच. तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी पुढंही बोललो, समजुतीच्या, मोठ्या भावाच्या आवाजात: "तुमच्याकडं ढोल-ताशाचा हात असतो, जोराचा. तारेला हलका हात लागतो. तो पिढ्यांनी येतो. सराव करा, बघू." असं बोललो मी. रोज त्याच्या डब्यातली भाकरी खाणारा मी. आणि त्या भाकरीचं मला केवढं कौतुक होतं! अमरावतीला घरी येऊन सांगायचो, मी असलं काही मानत नाही, तायडेच्या डब्यात जेवतो. आई गप्प बसायची आणि मला वाटायचं, आपण जिंकलो. एकदा भाकरी खाल्ली की सगळं फिटलं अशी माझी समजूत. आत काय बसलंय ते बघायला मी कधी गेलोच नाही, आणि त्या दिवशी ते आपल्या पायांनी बाहेर आलं, माझ्याच आवाजात, किती मऊ बोलत! धर्मपालचं हसू जरासं थांबलं. मग त्यानं स्वतःची बोटं उलटीपालटी करून पाहिली. "असन," म्हणाला. "तुमी म्हंता म्हणजे असन."

मग सहा महिने तो सराव करत होता. मला दिसत होतं. तारेच्या बटणावर बोट ठेवताना तो ओठ आत घ्यायचा. बोटांची टोकं फाटलेली असायची, त्यावर चिकटपट्टी. नागपूरकडून एकदा विचारणा आली, तायडे आजारी आहे का? हात बदललाय. मी दीड हातावर बसून ते ऐकलं, कागदावर उतरवून घेतलं आणि टोपलीत टाकलं. रोज वाटायचं, आज सांगू. चहाच्या टपरीवर सांगू. मग वाटायचं, आता कसं सांगायचं? इतके दिवस का नाही सांगितलं म्हणेल. एक दिवस उशीर झाला की दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचा उशीर होतो, एवढं साधं गणित. पण त्यात माणूस असा रुतत जातो की काही विचारू नका. डिसेंबरात आमच्या खात्याचं संमेलन झालं. त्याला वाजवायला बसवलं. या वेळी त्यानं अवघड काहीतरी घेतलं होतं, वरच्या पडद्यांवरचं, मला दाखवायला असेल. तीनदा चुकला. तार थडथडली. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "अबे, बँड-बाजा वाजवून राहिला का?" लोक हसले. मी हसलो नाही, हे मी पुष्कळ दिवस स्वतःला अभिमानानं सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी तो गिटार घेऊन खोलीवर आला. तीच चादर. "हे तुमी घ्या," म्हणाला. "मी जेवढ्याले घेतली तेवढ्याले. दुसऱ्या कोनाले देत नाही. तुमच्या हाती बोलन ते." मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं, चांगल्या घरातल्या माणसानं म्हणावं तसं. तिसऱ्यांदा घेतली. आणि त्याच शनिवारी अमरावतीला आल्यावर दार लावून बसलो. तारा सैल केल्या, चार स्क्रू काढले, दांडी मोकळी झाली. बहीण, शकुन, तिच्या लग्नाची पत्रिका तिथं पडलेली होती, जाड, गुलाबी. तिचा बोटभर तुकडा कापला आणि बैठकीच्या आतल्या कडेला, घोडीच्या बाजूला ठेवला. मुळाशी कागदाइतकं उचललं की दांडीचं डोकं मागं जातं आणि तारा खाली येतात. परत बसवलं, आवळलं, जुळवलं. अर्धा तास लागला असेल. बोट टेकवलं आणि वरचा पडदा असा वाजला, असा गोल, की मी मोठ्यानं "वा!" म्हटलं. लाज? छे! आनंद झाला होता मला. नाचावंसं वाटत होतं. लाज मागाहून आली, थोडी थोडी, उंबऱ्याशी ओल येते तशी. मी एकीकडं पुसत होतो, दुसरीकडं ती येत होती. पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली अमरावतीला झाली आणि मी सुटलो. सुटलो असं वाटलं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. ऑफिसात एका तारेत 'पोहोचला' ऐवजी 'पोहोचवला' गेलं आणि तिवश्याचा एक माणूस कौंटरवर येऊन भांडून गेला. मी ऐकून घेतलं. बरं वाटलं, कोणीतरी रागावतंय याचं. रस्त्यानं चालताना मनात धर्मपालशी बोलत होतो. एकदा म्हणायचो, तायडे, माझी चूक झाली. चूक? चूक कशी होईल, मला दिसलं होतं. मग म्हणायचो, मला नंतर कळलं, योगायोगानं. हे छान होतं. हे पचलं असतं. कोणाला कळणार होतं? जयस्तंभापासून घरापर्यंत मी ते वाक्य घोळवत आलो, आणि जिन्यात स्वतःच्याच तोंडात मारावंसं वाटलं. शेवटी शनिवारी रात्री अनुपमाला म्हटलं, "उद्या त्या तायड्यांना मला एक दाखवायचंय. गिटारच्या बैठकीत एक पत्रिकेचा तुकडा आहे. तो काढून वाजवायला देणार, मग घालून देणार. म्हणजे त्यांना कळेल." "काय कळेल?" ती म्हणाली. मी म्हटलं, "फरक." तिनं माझ्याकडं पाहिलं. "एवढंच ना? मग रडका चेहरा काहून केलाय?" मी कूस बदलली. पण ठरलं होतं. दाखवायचं म्हणजे बोलावं कमी लागेल. आधी तुकड्याशिवाय, मग तुकड्यासकट. बोटंच समजतील त्याची. मला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं.

रविवारी उजाडताच मी स्क्रू काढले. तुकडा आता पिवळट पडला होता, दाबून दाबून पातळ, त्यावर 'आप्तेष्टांसह' एवढी अक्षरं. शर्टाच्या खिशात ठेवला. गिटार परत आवळली, तारा जुळवल्या, आणि वाजवून पाहिली नाही. साडेनऊला धर्मपाल आला. जरा भरला होता. हातात पिशवी, त्याची आई पार्बताबाई, तिनं भुईमुगाच्या शेंगा पाठवल्या होत्या. "मायनं म्हनलं, साहेबाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नको." अनुपमानं शेंगा घेतल्या, बसा म्हणाली. तो बसला नाही, आधी मोरीत जाऊन हात धुतले, रुमालानं एकेक बोट पुसलं, मग भिंतीकडं पाहिलं. "चांगली ठेवली तुमी," म्हणाला. मी ती काढून त्याच्या मांडीवर दिली.

त्यानं मोकळ्या तारा छेडल्या. मान डोलावली. मग खालच्या पडद्यांवर तीच ती चाल, जात्यावरची. दोन वर्षांत बोटं विसरली नव्हती. आणि मग तो वर गेला. बोट दाबलं, तार दबली नाही. परत दाबलं, थडथड. करंगळी घसरली. त्यानं ओठ आत घेतले, अगदी तसेच, तार ऑफिसातल्यासारखे, आणि तिसऱ्यांदा दाबलं. "थांबा," मी म्हणणार होतो. इथंच म्हणायचं ठरलं होतं. थांबा तायडे, द्या इकडं, हे बघा माझ्या खिशात काय आहे. माझा हात खिशापाशी गेलासुद्धा. खिसा बोटांनी चाचपला, तुकडा लागला. आणि मी खिशावरची धूळ झटकली. खरं सांगतो, झटकली. धूळ नव्हतीच.

"पाह्यलं?" तो हसून म्हणाला. "तेच. गिटार तेच, हातबी तेच. आता सांगा साहेब, स्पष्ट सांगा. नवी घेऊ का नको? त्या मुंबईवाल्याले मी येत्या हप्त्यात कळवतो म्हनलं हाये." तो माझ्याकडं बघत होता. कसलाही संशय नाही, काही नाही. डॉक्टरकडं बघतात तसा. मी म्हटलं, "तारेवर मात्र तुमचा हात फार चांगला आहे, तायडे. नागपूरकर अजून विचारतात." "ते हाये," तो म्हणाला, आणि वाट पाहत राहिला. तेवढ्यात अनुपमा चहा घेऊन आली. कप खाली ठेवता ठेवता म्हणाली, "झालं का दाखवून? तो पत्रिकेचा तुकडा?"

"कुठला तुकडा?" मी म्हटलं.

अनुपमाचा हात कपावर तसाच राहिला. तिनं माझ्या खिशाकडं पाहिलं. पातळ कापडाचा शर्ट, आतला तुकड्याचा कोपरा दिसत असणार. मग ती धर्मपालला म्हणाली, "काही नाही. मला वाटलं," आणि आत गेली. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं, ती माझ्यासाठी पहिल्यांदा खोटं बोलली होती. धर्मपालनं बशीत चहा ओतला, सावकाश प्याला, आणि गिटार माझ्याकडं केली. "तुमी वाजवा एकदा. आयकून जातो. लोकं लय नाव काढतात तुमचं."

आता बघा गंमत. मी काय वाजवणार? ती गिटार मी तशी कधी वाजवलेलीच नव्हती. मी घेतली, वर गेलो, आणि तार माझ्या बोटाखाली सुरीसारखी उभी राहिली. दोन वर्षांत शिकलेलं सगळं थडथडलं. मी परत केलं, परत चुकलो. क्लबातली माणसं जिची वाहवा करतात ती करामत त्या पत्रिकेच्या तुकड्यात होती, आणि तुकडा माझ्या खिशात होता. या दांडीवर सहा महिने, रोज, फाटक्या बोटांनी, हा माणूस बसला होता! मी दोन मिनिटं नाही बसू शकलो. तारांवर हात ठेवला आणि मान खाली घातली. धर्मपालनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "होते साहेब," म्हणाला. "मी समोर बसलो म्हणून तुमचा हात जड होऊन राहिला. संध्याकाळी पोग्राम हाये ना? मी जातो, म्हणजे बसन तुमचा हात." मला धीर देत होता तो! उठून त्यानं चपला घातल्या. दारातून अनुपमाला हाक मारली, "वैनी, येतो." मग मला म्हणाला, "बरं झालं आलो. मन साफ झालं. आता तो नाद नाही." आणि जिना उतरून गेला.

मी तिथंच बसलो होतो. अनुपमा बाहेर आली, कप उचलले, खाली ठेवले. "त्या माणसानं तुमचं काय केलंय?" म्हणाली. मी फडक्यानं तारा पुसायला लागलो. "मी विचारून राहिली, काय केलंय?" मग मी सगळं सांगितलं. ढोल-ताशाचंही सांगितलं. सांगायला फार वेळ लागत नाही, चार वाक्यांत होतं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मला वाटलं, रडेल, नाही तर म्हणेल, जाऊ द्या, झालं ते झालं. ती म्हणाली, "अकोल्याची गाडी साडेअकराला आहे. आणि अकरा वीस झालेत." एवढं म्हणून तिनं पार्बताबाईच्या शेंगांची पिशवी उचलली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

मी धावलो. चौतीस वर्षांचा, धोतर नेसलेला माणूस भर उन्हात रस्त्यानं धावतोय, लोक बघत होते. पानवाला ओरडला, "काय झालं साहेब?" एक चप्पल तुटली, ती हातात घेतली. एस. टी. स्टँडवर गाडी लागलेली होती, इंजिन चालू. खिडकीशी धर्मपाल. मला पाहून तो अर्धा उठला. "काहून आले? राह्यलं का माहं काई?" मला धाप लागली होती. मी खिशातून तुकडा काढून त्याच्या हातात दिला. "हा," मी म्हटलं. "दांडीच्या बैठकीखाली. हा घातला की तारा खाली येतात. सकाळी मी काढला होता. तुमचा हात चांगला आहे. पहिल्यापासून चांगला होता. दांडी वाकडी बसली होती."

त्यानं तुकडा दोन बोटांत धरला, कडेनं पाहिला, जाडी बघतात तसा. "एवढंसं?" म्हणाला.

"एवढंसं."

"तुमाले कधी समजलं?"

जयस्तंभापासून घोळवलेलं ते वाक्य आलं होतं ओठांवर. नंतर कळलं, योगायोगानं. कंडक्टर घंटीच्या दोरीशी उभा होता. "त्याच दिवशी," मी म्हटलं. "तुम्ही खोलीवर आणली ना पहिल्यांदा, तेव्हाच. बघितल्या बघितल्या."

त्याच्या शेजारची म्हातारी शेंगा सोलत होती ती थांबून आमच्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "गिटार तुमची आहे. घेऊन जा. मी आत्ता आणतो, गाडी थांबवतो." "नाही," तो म्हणाला. "ते मी इकली तुमाले. मी नवी मागोतो. आजच पत्र टाकतो मुंबईले." मग थोडा वेळ खिडकीच्या गजावर बोटं ठेवून त्यांच्याकडं बघत राहिला. "माय रोज रात्री बोटाले तेल लावून देत होती," म्हणाला. "म्हने, बाबू, आपल्या हातचं नाही हे काम. मी तिच्यावर चिडो. मंग एक दिवस म्हनलं, हो माय, पाठकसाहेबबी तेच म्हंतात. तवा ते रडली." आवाज चढला नव्हता. शिवी दिली असती, थुंकला असता, तर मी तिथंच उभ्या उभ्या हलका झालो असतो. घंटी वाजली. त्यानं हात बाहेर काढला, तुकडा माझ्या तळव्यावर ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटवली. "ठेवा," म्हणाला. "संध्याकाळी लागन तुमाले."

गाडी बडनेऱ्याच्या रस्त्याला लागली. तुटकी चप्पल शिवून घेतली, घरी आलो. अनुपमानं जेवायला वाढलं आणि शेंगा फोडत पाठमोरी बसली. सातला कार्यक्रम होता, लोक बोलावून बसले होते, नाही कसं म्हणणार? पाच वाजता स्क्रू काढले, तुकडा ठेवला, आवळलं. वाजवलं. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतले एक एक्झिक्युटिव्ह इंजिनियर उठून आले, सगळ्यांदेखत त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "पाठक, हात असावा तर असा." मी हसलो. हात सोडवून घेतला नाही.